अलकाताईचे साहेब

अलकाताई देशकर अ‍ॅरिझोनातलं चँडलर सोडून लेकीच्या गावी, सनीव्हेलला गेली त्याला वर्ष होऊन गेलं. इथल्या मराठी मंडळात अजून तिचा विषय निघतो आणि दरवेळी दोन गट पडतात. एका गटाचं म्हणणं, बाई हुशार, पण उद्धट. दुसऱ्याचं म्हणणं, उद्धट होती खरी, पण शेवटी शेवटी सुधारली. मी तिच्याबरोबर रोज एका गाडीतून कामाला जायचे, तिच्या डब्यातलं जेवायचे, आणि तिच्या आयुष्यातल्या दोन अवघड दिवशी मी तिची ड्रायव्हर होते. माझ्या मते दोन्ही गट चुकलेत.

आम्ही दोघी कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. चिप बिघडलेलीच आहे असं धरून चालायचं आणि ती बरी असल्याचं सिद्ध करायचं, हे आमचं काम. अलकाताई त्यात पटाईत. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की "इट शुड बी फाइन", तर चष्मा डोक्यावर सरकवून ती विचारायची, "पुरावा?" हा एक मराठी शब्द तिनं आमच्या गोऱ्या मॅनेजरच्या तोंडी इतका बसवला की तो कॉफी मशीन बंद पडलं तरी "पुरावा?" म्हणायचा.

ती नागपूरची, बुटकी, जाड वेणीची. साडीवरही पळायचे बूट घालायची. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाबद्दल कुणी तक्रार केली की तिला तो नागपूरचा अपमान वाटायचा. जूनमध्ये गाडीची काच खाली करून चालवायची आणि मी एसी लावला की म्हणायची, "तुम्ही पुण्याचे लोक पंख्याखाली जन्मलेले." नैवेद्याला ती तळणीचे मोदक करायची. आमच्याकडच्या बायकांनी नाकं मुरडली की उत्तर तयार असायचं. "तुमचे उकडीचे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. गणपतीला काय ताप आला आहे?"

तिच्या उद्धटपणाची ख्याती झाली ती मात्र मोदकांच्या प्रकारामुळे नाही. एका वर्षी मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. तिथे शिजवायची परवानगी नसल्यामुळे सगळं घरून करून आणायचं. नैवेद्याचे मोदक अलकाताईकडे होते. ताट मांडलं, दूर्वा ठेवल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. करमरकर काकूंनी ताटाभोवती फिरवायला हातात पाणी घेतलं. या काकू मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, पूजेचं सगळं त्यांच्या हातात. तेवढ्यात अलकाताई वाकली, ताटातला एक मोदक उचलला आणि खाल्ला. घाईघाईनं नाही, नीट चावून. मग पुरणाचा आणि भाजीचाही एकेक घास घेतला.

काकूंच्या हातातलं पाणी गळून गेलं.

"अलका! देवाला उष्टं?"

"देवाला चालतं काकू. तुम्हाला चालत नसलं तर सांगा."

मागे कुणाची तरी मुलगी मोठ्यानं "ओह माय गॉड" म्हणाली. काकूंनी दुसरं ताट वाढलं, त्यात केळी आणि पेढे ठेवले. आरती झाली. पुढच्या वर्षापासून अलकाताईकडे कागदी ताटल्या आणायचं काम आलं. ती हसत हसत ताटल्या आणायची. बंडखोर म्हणून तिचं नाव झालं, आणि दोन-चार तरुण मुलींनी तिला येऊन शाबासकीसुद्धा दिली.

खरं मला कळलं ते ऑफिसात. ती डबा उघडायची, मला वाढायची, आणि मी घास घेण्याआधी माझ्याच ताटातलं एक चमचाभर आपल्या तोंडात टाकायची. मला वाटायचं, ही विदर्भातली आपुलकी असेल. एकदा मला मीटिंगला जायचं होतं म्हणून तिचा हात पोचायच्या आत मी दोन घास वांग्याची भाजी खाऊन टाकली. ती मीटिंगमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली, जिथे तिचं काही काम नव्हतं. संध्याकाळी गाडीत विचारलं, "पोट ठीक आहे ना?" घराजवळ आल्यावर पुन्हा तेच. पार्किंगमध्ये गाडी थांबवून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "अलकाताई, त्या भाजीत होतं तरी काय?"

तिनं गाडीची किल्ली काढून हातात घेतली.

"मला वाटतं की मी त्यात काही टाकलं."

"काय टाकलंस?"

"सिंकखाली बाटल्या असतात ना, त्यातलं."

"टाकलंस?"

"नाही."

"मग झालं तर."

"नाही टाकलं हे माहीत आहे मला. खात्री नाही. हे दोन वेगळे असतात, सुजाता. तुला नाही समजणार, तू सुखी बाई आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. तिला ओसीडी होता. आपल्याकडे ओसीडी म्हटलं की सतत हात धुणारी, चादरी ओढून सरळ करणारी बाई डोळ्यांसमोर येते आणि लोक हसून म्हणतात, मला पण आहे थोडासा. तिचा असा नव्हता. तिचा म्हणायचा, तुझ्या हातून कुणीतरी विषबाधेनं मरणार आहे. स्वतः चाखून दाखवलं की तो थोडा वेळ गप्प बसायचा. घरी चाखलं तरी उपयोग नसायचा, कारण गाडीत पुन्हा डबा हातात असायचा. कुणाच्या तोंडी जाण्याच्या अगदी आधी चाखणं, एवढंच चालायचं. देवाच्या ताटातला मोदक तिनं त्यामुळे खाल्ला होता, कारण नंतर तो हॉलभर प्रसाद म्हणून वाटला जाणार होता.

"मग काकूंना सांगायचं होतंस ना."

"काय सांगू? उद्धट म्हणतात ते बरं आहे. उद्धट बाईच्या पोरीशी लग्न करतात लोक. वेड्या बाईच्या नाही करत."

आजाराला ती साहेब म्हणायची. रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडे इन्स्पेक्टर येतो, मालात भेसळ आहे म्हणतो, हप्ता घेऊन जातो आणि उद्या पुन्हा येतो, तसा. चाखणं हा तिचा हप्ता. आणि हप्ता कुठलाही असो, तो वाढतच जातो. आधी साहेबांना नुसतं चाखणं पुरायचं. मग चाखून वाट पाहणं आलं, म्हणजे आपल्याला काही होतं का ते बघणं, आणि तोवर अन्न निवायचं. मग केलेलं टाकून देणं आलं. शेवटी शेवटी तिनं स्वयंपाकच सोडला. घरात फ्रोझन पराठे आणि बाहेरचं. ऑफिसात तर डबा नावालाही राहिला नाही.

औषधं झाली, एकामागून एक, मोठ्या डोसात. एक थेरपिस्ट झाली, जी तिला न चाखता वाढायला लावायची आणि साहेब ओरडत असताना नुसतं बसून राहायला सांगायची. हाच खरा उपाय असं सगळे डॉक्टर म्हणत आणि अलकाताईलाही ते पटायचं. पण हात पुढे जायचाच. भारतातून उपाय यायचे ते निराळे. नवऱ्याच्या आत्यानं पुष्कराजाची अंगठी पाठवली. "घालते ना," अलकाताई म्हणाली, "मग तिचा खडा पिठात पडला का, ही एक नवी शंका. साहेबांना तेवढंच नवं खातं." अंगठी तिनं ड्रॉवरमध्ये टाकली.

एका सुट्टीत तिची मुलगी रुचा कॉलेजातून घरी आली. फ्रीज उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, जस्ट मेक मी वरण-भात. आय विल टेक द रिस्क." अलकाताईनं वरण-भात केला. साजूक तूप घातलं, लिंबू पिळलं. आणि पोरीसमोर ताट ठेवायच्या आत ते उचलून कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. हे तिनं मला हायवेवर, समोर बघत सांगितलं. मी समजुतीचं काही बोलले नाही, मला ते येत नाही. ती म्हणाली, "आता बस झालं. पोरीला वाढता येत नाही म्हणजे काय? आता मी काहीही खाईन, पण याला घालवीन."

त्या "काहीही"चा अर्थ पुढच्या महिन्यात कळला. एका विद्यापीठात, आमच्यापासून बरंच लांब, सिलोसायबिनची चाचणी चालू होती. सिलोसायबिन म्हणजे विशिष्ट अळिंब्यांमध्ये असणारं, ज्यानं माणसाला भास होतात ते द्रव्य. ज्यांचा ओसीडी कुठल्याच औषधाला दाद देत नाही अशांना ते डॉक्टरांच्या नजरेखाली देऊन काय होतं ते पाहायचं होतं. अलकाताईनं नाव घातलं. कसून तपासण्या झाल्या आणि तिला घेतलं.

तिचा नवरा विलास भला माणूस, पण घाबरट. "हे ड्रग्ज आहेत अलका. ऑफिसात कळलं तर?"

"कळू दे. चाळीस प्रकारच्या गोळ्या खाल्ल्या तेव्हा कोणी विचारलं होतं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणूनच राहिले आहेत. त्यांना जरा नवीन विषय."

विलास त्या दिवशी गाडी चालवायला तयार नव्हता. घरी न्यायला कुणीतरी हवंच, ही चाचणीवाल्यांची अट. म्हणून मी. बातमी कशी कोण जाणे काकूंपर्यंत पोचली. त्यांनी तिला देवळाच्या पार्किंगमध्ये गाठलं. "अगं, संसारी बाई तू. नशा करणार?" अलकाताई म्हणाली, "काकू, तुमच्याकडे होळीला थंडाई पिऊन तुमचे जावई झाडाशी बोलत होते. तेव्हा तुम्ही त्यांना भजी वाढत होता." काकू त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

आधीची औषधं डॉक्टरांनी हळूहळू उतरवून बंद केली होती, आणि ते आठवडे वाईट गेले. साहेबांना रान मोकळं मिळालं. आता ती दुकानातून आणलेलं पाकीटसुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नव्हती. अशा अवस्थेत तिला घेऊन मी निघाले. तिथली खोली पाहिली तर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीसारखी होती. कोच, उशी, पांघरूण, डोळ्यांवर बांधायची पट्टी, कानाला लावायचे हेडफोन. तिच्याजवळ दोन थेरपिस्ट दिवसभर बसणार होत्या. अलकाताईनं पळायचे बूट काढून कोचाखाली नीट ठेवले आणि मला म्हणाली, "जा, तू कुठं तरी जाऊन झोप."

कॅप्सूलमध्ये खरं द्रव्य आहे की नुसतं अंग गरम करणारं दुसरं काही, हे तिलाही सांगितलेलं नव्हतं आणि थेरपिस्टांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी ती बाहेर आली ती फणफणत. "काही नाही! तोंड लाल झालं आणि दिवसभर लिफ्टमधलं संगीत ऐकलं. भूक लागली आहे मला." येताना आम्ही ड्राइव्ह-थ्रूमधून बरिटो, म्हणजे मेक्सिकन पोळीचे रोल, घेतले. खिडकीतून घेतलेले बरिटो मी तिच्याकडे दिले, आणि माझा तिनं आधी स्वतः चाखला. मग तो माझ्याकडे देताना तिचे डोळे भरले. त्या सगळ्या काळात मी तिला तेवढंच एकदा रडताना पाहिलं.

ज्यांना पहिल्यांदा खोटी कॅप्सूल मिळाली, त्यांना नंतर खरी मिळणार होती. तिची पाळी आली तेव्हाही गाडी मीच चालवली. त्या दिवशी बाहेर आली तेव्हा वेणी सुटलेली, चेहरा सुजलेला, मधे एकदा उलटी झाल्याचं थेरपिस्टनं सांगितलं. गाडीत काच खाली करून ती डोकं टेकून बसली. मला अशा गोष्टींचं कौतुक नाही, पण कुतूहल होतं.

"देव दिसला का?"

"छे."

"मग काय दिसलं?"

"सांगण्यासारखं नाही फारसं. रंग होते. आई होती मधे, भांडत होती. मग मला वाटलं, मी मेली. खरंच मेली. आणि साहेब बोलतच होते, बाप्पा! म्हणजे माणूस मेलं तरी हा बोलतो. शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो ना, तसा. मी ऐकूनच नव्हती राहिली. मला वाटलं, अरे, एवढंच?"

"म्हणजे बरी झालीस?"

"पुरावा?" ती म्हणाली, आणि दोघी हसलो.

बरी झाली नव्हती. पहिले काही दिवस ती हलकी होती, घरात फिरून कपाटं उघडत होती. मग साहेब परत आले. आवाज थोडा बसलेला, पण तेच. विलास म्हणाला, बघ, मी म्हटलं होतं. अलकाताई तिसऱ्याच दिवशी आपल्या जुन्या थेरपिस्टकडे जाऊन बसली. "कडी निघाली आहे," मला म्हणाली. "दार मलाच ढकलावं लागेल. आधी तर कडीच नव्हती निघत."

ढकलायच्या कामात तिला माणूस हवं होतं. ती न चाखता वाढणार, समोरच्यानं खायचं, आणि तिनं "ठीक आहे ना?" विचारलं तर धीर द्यायचा नाही. धीर हाही हप्ताच. म्हणायचं, "माहीत नाही." विलासला ते जमेना. तो "अगदी ठीक आहे गं" म्हणून टाकायचा आणि सगळं मुसळ केरात जायचं. मला ते पहिल्या दिवसापासून जमलं. आयुष्यभर लोकांनी मला कोरडी म्हटलं, त्याचा इथं उपयोग झाला.

पहिलं ताट पिठलं-भाकरीचं होतं, माझ्याच घरी. तिनं वाढलं आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी खाल्लं. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं.

"ठीक आहे ना?"

"माहीत नाही."

"भैताड आहे तू."

"मीठ जास्त आहे."

"मीठ विचारलं नाही मी!"

खुर्चीवरचा तिचा एक हात पुढे आला, माझ्या ताटाजवळ थांबला आणि मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मी भाकरी संपवली. असं आम्ही कित्येक महिने केलं. काही दिवशी हात पुढे यायचा आणि चाखूनही टाकायची. मग शिव्या द्यायची, साहेबांना, आणि पुन्हा वाढायची. उन्हाळ्यात रुचा येऊन गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत अलकाताई एवढंच म्हणाली, "पोरीनं वरण दोनदा घेतलं." आणि लगेच पुढच्या गाडीवाल्यावर हॉर्न मारला.

गणपतीच्या तयारीच्या मीटिंगला कुणीतरी यादी वाचत होतं. कागदी ताटल्या, अलका. ती म्हणाली, "नाही. नैवेद्य मी करते."

साहेब एका पोरीच्या ताटापुरते गप्प बसले होते. इथे अख्खा हॉल जेवणार होता, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. साहेबांची ही भानगड त्या खोलीत तिला आणि मलाच माहीत होती. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तळणीचेच करणार असशील."

"तळणीचेच."

"आणि या वेळी चाखणार नाहीस?"

"चाखलं तर जन्मभर ताटल्या आणीन."

काकूंना वाटलं, पोर शरण आली.

त्या दिवशी कॅफेटेरिया भरला होता. अलकाताई हिरवं लुगडं नेसून, पळायचे बूट घालून आली. तिनं ताट मांडलं. एकवीस मोदक, पुरण, भाजी, वरण-भात. दूर्वा ठेवल्या आणि एक पाऊल मागे सरली. काकूंनी पाणी घेतलं, पण फिरवायच्या आधी थांबल्या. सगळा हॉल अलकाताईच्या उजव्या हाताकडे बघत होता. जुनी गोष्ट सगळ्यांच्या लक्षात होती. दोन-तीन जणांनी फोनही वर धरले होते. ती पुन्हा देवाला उष्टं दाखवते का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी तिच्या शेजारी होते. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिच्या डाव्या हाताची नखं माझ्या दंडात रुतली होती. उजवा हात मोकळा, लुगड्यावर सरळ सोडलेला. तिनं तो लपवला नाही, बांधलाही नाही.

पाणी फिरलं. आरती सुरू झाली. "जय देव जय देव"ला ती तालावर टाळ्या वाजवू लागली, मोठ्यानं. मग ताटं वाढली गेली, माणसं जेवायला लागली, पोरं मोदक हातात घेऊन टेबलांमधून पळायला लागली. तिला प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. ती बाहेर गेली नाही. उभी राहून वाढत होती.

पंगत अर्धी झाली तेव्हा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "ठीक आहे ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"कोणी पडलं तर?"

"माहीत नाही."

"मर तू," ती म्हणाली आणि पुरणाचं भांडं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली.

शेवटी करमरकर काकू स्वतः तिच्याजवळ आल्या. त्यांच्या ताटात दोन मोदक होते, तळणीचे, आणि एक अर्धा खाल्लेला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "छान केलेस हो. सुधारलीस बघ शेवटी."

"नाही काकू," अलकाताई म्हणाली, "सुधारली नाही. आत्ता कुठं बिघडली."

काकू ते चेष्टेत घेऊन हसल्या. मंडळातला दुसरा गट काकूंच्या त्या "सुधारलीस"वर उभा आहे.

त्यानंतर आठवड्याभरात अलकाताई आणि विलासचं सामान सनीव्हेलला हललं. माझ्या लक्षात राहिली आहे ती त्या गणपतीच्या दुपारची अलकाताई. पार्किंगमधलं डांबर तापलेलं, तिच्या काखेत मोदकांचा मोठा डबा. मी तिच्यामागे बाहेर आले आणि डब्यात डोकावले. रिकामा. तिच्यासाठी एकही मोदक उरला नव्हता. माझ्या पेपर नॅपकिनमध्ये शेवटचा होता. तो मी पुढे केला.

"घे. आता प्रसाद आहे. आता खाल्लास तर काही बिघडत नाही. कसे झालेत ते तरी बघ."

तिचा हात आला, अर्ध्या वाटेपर्यंत. मग त्याच हातानं तिनं गाडीचं दार उघडलं.

"तू खा," ती म्हणाली. "हप्ता बंद."

तिनं गाडी सुरू केली. काच खाली केली, एसी न लावता. आणि कोणी पडलं का, हे बघायला मागे न वळता पार्किंगमधून निघून गेली.